वैशाखात स्वेटर

अश्विन,

तू झोपला आहेस, उठवत नाही. मी विहारात जातो. बुद्धपौर्णिमेच्या खिरीचं दूध तापवायचं आहे आणि सकाळचं वाचनही माझ्याकडेच आहे. पांढऱ्या सदऱ्याला तू इस्त्री करून ठेवलीस, बरं वाटलं.

काल तू म्हणालास, "बाबा, दोनच दिवस चला अकोल्याले. यंदा नातीसंगं खीर खा." मी हो म्हटलं. नंतर चष्मा शोधताना तू भरलेली माझी बॅग मी उघडली. तळाशी माझा स्वेटर होता. वैशाखात, अकोल्याच्या उन्हात, दोन दिवसांसाठी स्वेटर? शेजारच्या दुर्गाबाईंनीही परवा विचारलं, "भाऊ, घर भाड्यानं देऊन राह्यले का?" तेव्हा मी नुसता हसलो.

माझा समज चुकीचाही असेल. पुस्तकं वाचून वाचून मी नको तिथे अर्थ काढतो. पण तुला तोंडावर विचारणं मला जमणार नाही.

म्हणून स्वेटर टेबलावर काढून ठेवला आहे. दोनच दिवस असतील, तर तो कपाटात ठेव. नसतील, तर परत बॅगेत भर. आल्यावर मी आधी बॅगच पाहीन.

नातीसाठी खिरीचा डबा मात्र आणतोच.

– बाबा