धोंडुबाईचा आळस

८ सप्टेंबर १९१९

सकाळी दवाखान्यात शौचाचे नमुने तपासले. नेहमीचेच जंत. जेवलो — काय, आठवत नाही. माझी बायको यशोदा इन्फ्लुएंझात गेली त्याला आता वर्ष होईल. आक्का, माझी थोरली बहीण, म्हणते, "रड की रे एकदा!" येत नाही रडू.

११ सप्टेंबर

चंदगडाकडचा सयाजी बायकोला गाडीत घालून आला. धोंडुबाई. ओठ, नखं, डोळ्यांच्या कडा — सगळं पांढरंफटक. पाय सुजलेले. भाताच्या चिखलात अनवाणी राबते, चोरून माती खाते.

सयाजी दारातूनच ओरडला, "काम टाळती, डाक्टर! आळशी हाय म्हणून लिवून द्या. पंचास्नी दावतो न् दुसरी करतो."

ती भिंतीला टेकून बसलेली.

मला राग यायला हवा होता. आला नाही. डबी दिली, नमुना आण म्हटलं.

१२ सप्टेंबर

काचेवर कण घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. लांबट अंडी, पातळ पारदर्शक कवच, आत चार पेशी — हूकवर्म! काच सरकवीन तिथं तेच. हे जंत आतड्याला चावून रक्त पितात.

सयाजीला दाखवलं. "अंडी? कोंबडी हाय व्हय ती?"

"हा तिचा आळस," म्हटलं. तिला उपचाराला दवाखान्यात ठेवून घेतली.

१४ सप्टेंबर

जंत मारायला थायमॉल दिलं, मग जुलाबाचं मीठ. दिवसभर ओकली. दुपारी नाडी लागेना. वाटलं, गेली. खाटेपाशी बसून राहिलो. यशोदेपाशीही असाच बसलो होतो. तेव्हाही काही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं पाणी मागितलं.

२ ऑक्टोबर

दुसऱ्यांदा औषध दिलं होतं. आजच्या नमुन्यात एकही अंडं नाही! लोहाचं औषध चालू. आक्का तिला घरून भाकरी पाठवते.

९ नोव्हेंबर

नखं गुलाबी झाली. आज ती सगळ्या खोल्यांचं पाणी भरून आली. कुणी सांगितलं नव्हतं. मी बघत राहिलो.

१० नोव्हेंबर

सयाजी गाडी घेऊन आला. खुशीत! "दुसरी रद्द केली. चल, कापणी आलीया."

धोंडुबाई जागची हलली नाही. "न्हाय येत. अंगात बळ न्हवतं म्हणून तुमच्या घरात ऱ्हायलो."

तो शिव्या देत गेल्यावर विचारलं, "आता कुठं जाशील?"

"चालाय येतंय की आता!"