चौथ्या मजल्यावरचे आजोबा आणि आमची परोपकारी पाठ

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार (तूर्त मनातल्या मनात, कारण पाठ वाकत नाही). तुमचा गुडघा आणि काकूचा खोकला, दोन्ही आता वठणीवर आले असतील.

आमच्या इमारतीची लिफ्ट तीन आठवडे बंद आहे. चौथ्या मजल्यावर एक आजोबा एकटेच राहतात (निवृत्त ड्राफ्ट्समन, वजन बेताचं, जीभ धारदार). तळमजल्यावर दातांच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत आणि त्यांच्या दवाखान्याचं काचेचं दार बरोबर जिन्यासमोर येतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी चार दिवस स्वतःला बजावलं. पाचव्या दिवशी आजोबांना पाठुंगळी मारून खाली बागेत घेऊन गेलो. बाईंनी मान वर करून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या लंबूनं (छापखान्यात मुद्रितं तपासतो, एरवी कुणाला पेनसुद्धा देत नाही) माझ्याआधी आजोबांना उचललं. मग काय, चढाओढच लागली! दिवसातून तीन-तीनदा बाग. शेवटी आजोबाच कळवळून म्हणाले, "अरे, मला घरी घटकाभर बसू द्या की रे!"

एके दिवशी बाईंनी आम्हां दोघांना आत बोलावलं. "काही पक्ष्यांत मादीला पटवायला नर चोचीतून किडा आणतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही आजोबा आणताय. माझी हरकत नाही, त्यांना ऊन मिळतंय. पण रविवारी माझा दवाखाना बंद असतो. तेव्हा त्यांना कोण नेतं?"

मी जमिनीकडे पाहिलं. लंबूही जमिनीकडेच पाहत होता, पण तो लाजून. (दोन्ही रविवारी तोच नेत होता, हे आजोबांनी नंतर सांगितलं. शिवाय बागेत त्यांच्याशी बुद्धिबळ खेळून हरतही होता.) काका, मला हेवा वाटायला हवा होता, वाटला तो आदर. बाईंनाही वाटला असावा. हल्ली दुपारी ती दोघं एका डब्यातून जेवतात. परवाच्या रविवारी मात्र मी पहाटेच चौथा मजला गाठला. काचेआड कोणी नव्हतं. उतरताना आजोबा कानाशी म्हणाले, "आज धक्के बसत नाहीयेत रे." एवढी शाबासकी मला ऑफिसात दहा वर्षांत मिळालेली नाही.

तुमचा पुतण्या

ता. क. लिफ्ट कंपनीत दुरुस्तीची यादी तुमच्याच हाती असते ना? आमचा नंबर जरा मागे ढकला. लिफ्ट चालू होती तेव्हा दोन वर्षांत आजोबांना बागेत न्यायला कुणीही गेलं नव्हतं. बाकीच्या मजल्यांची समजूत मी घालतो.

आणखी एक ता. क. गुरुवारी आजोबांची नात राहायला येते आहे. तिचा वरच्या विनंतीशी काडीचाही संबंध नाही. तरी शुक्रवारपर्यंत ढकलाच.