आत वळवलेली तार

लुआंग्वा नदी, पलीकडची चौकी
२२ जानेवारी

प्रिय योतामदादा,

तू, मालितावहिनी आणि पोरं खुशाल असाल असं धरून चालते. आईचा गुडघा पावसात ठणकत असेल. तिला म्हणावं, पूर ओसरला की चोळायला तेल पाठवते. मी बरी आहे. बूट वाळत नाहीत, बाकी तक्रार नाही.

होडीवाल्या साकालाकडून तू धाडलेला निरोप मिळाला. "एनेलेसीला सांग, तारेच्या फासांबद्दल तोंड उघडू नकोस. आधी तू बहीण, मग रानाची गार्ड." साकालाने तो चारचौघांत, खिदळत सांगितला. उत्तर देणार आहे, पण माझ्या सवडीने. आधी रानाची हालहवाल ऐक.

ऑक्टोबरात नदी सोडली तर कुठे घोटभर पाणी नव्हतं. हत्तीपासून हरणापर्यंत सगळे काठावर येऊन उभे, बरगड्या वर आलेल्या. उरल्यासुरल्या डोहात पाणघोडे एकमेकांच्या पाठीवर लोळत आणि चावत होते. आता ये आणि शोध त्यांना! आत झाडीत डबकं अन् डबकं भरलंय, मग नदीकडे येतोय कोण? हत्ती मोपाने झाडांच्या जंगलात गेले. पाणघोड्यांनी तळी वाटून घेतली. इम्पाला हरणांची पिल्लं सगळी जवळजवळ एकदमच जन्मली, आणि जन्मल्या दिवसापासून उधळतायत. वर्षभर मातकट दिसणारी चिमणीएवढी पाखरं लाल अंगरखे घालून गवताच्या शेंड्यांवर मिरवतात. वारुळांतून पंखवाली वाळवी उडाली त्या संध्याकाळी करकोचे, घारी, बेडूक आणि आम्ही सगळे एकाच पंगतीला होतो. आमच्या चौकीच्या म्वाले साहेबांनीसुद्धा परातभर भाजून खाल्ली.

गाड्या चिखलात रुततात म्हणून पाहुणे निघून जातात, आणि लोक म्हणतात पावसात रानात काही नसतं. हसू येतं मला. जे काही असतं ते आत्ताच असतं.

तुलाही ठाऊक आहे ते. गवत डोक्यावर जातं, गाडी फिरकत नाही, म्हणजे बघायला कुणी नाही, हेसुद्धा तुला ठाऊक आहे.

आता तू म्हणशील, या दिवसांत आपल्या कणग्या रिकाम्या आणि मका अजून कोवळा. रान गुबगुबीत होतं तेव्हाच आपली गालफडं बसतात. मान्य, दादा. आपण दोघांनी भोपळ्याच्या पाल्यावर दिवस काढलेत, ते मी विसरले नाही. पोरांच्या ताटासाठी एखादं हरण पाडलं असतंस, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. पण पोती भरून सुकवलेलं मांस डोंगरापलीकडच्या बाजारात जातं, ते कुणाच्या पोरांसाठी? मालितावहिनीच्या चुलीवर तर अजून भोपळ्याचाच पाला शिजतोय, साकालानेच सांगितलं.

गेल्या आठवड्यात आतल्या तळ्याजवळ रानकुत्र्यांची टोळी दिसली. पावसाळ्यात ती इकडे फिरतात. त्यांची म्होरकी मादी मागे पडत होती. फासाची तार गळ्यात इतकी रुतली होती की मानेवरचे केसही दिसेनात. भूल देणारा डॉक्टर पुरापलीकडे अडकलेला. आम्ही नुसते बघत राहिलो. टोळीतली बाकीची शिकार करून यायची आणि तिच्यापुढे घास ओकून ठेवायची. तिला गिळता येत नव्हतं. ती मेली तेव्हा मीच तार कापून काढली.

तारेला दोन वेढे, आणि टोक आत वळवून दाबलेलं. असं या दरीत एकाच घरात वळवतात. कोंबड्यांच्या खुराड्याला तार बांधताना बाबा तसं करायचे, आपल्या बोटांना खरचटू नये म्हणून.

साहेबांनी विचारलं, "कुणाचं काम हे?" चौकीवरचे सगळे म्हणाले, म्हातारा फालिसन. तळ्याला लागून त्याचंच शेत, त्यात तो ठार बहिरा. काहीही विचारा, मान डोलावून हो म्हणतो. म्हणजे झालंच! दोघे बेड्या घेऊन उठलेसुद्धा.

मी म्हटलं, "बसा खाली. ही तार माझ्या भावाने वळलीय."

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, नीट विचार कर. उद्या गावात तुला कुणी पाणी विचारणार नाही."

"पावसाळा आहे साहेब," मी म्हटलं, "पाण्याला काय तोटा!"

तर दादा, हे तुझ्या निरोपाचं उत्तर. तुझं नाव मी सांगितलं. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही, आणि आज पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन. आई म्हणेल, "पँट चढवलीस म्हणून भावाला खायला उठलीस का गं?" म्हणू दे. वहिनी माझ्या नावाने बोटं मोडेल. मोडू दे. फालिसनकाका बेड्या घालून गेले असते, तर तुम्ही सगळे सुखाने झोपला असतात. मी झोपले नसते.

नदी उतरू लागली आहे. साकालाच्या होडक्यात एकच माणूस मावतो; मोठ्या होड्या चालल्या की आम्ही येऊ. हे पत्र साहेबांना सांगून लिहिते आहे, त्यात चोरीछुपीचं काही नाही. आम्ही यायच्या आत तू स्वतः ये. उरलेले फास कुठे आहेत ते दाखव. मग तुझी शिक्षा कमी व्हावी म्हणून मी कुणाशीही भांडेन, ते माझ्याकडे लागलं.

पळायचं मात्र मनात आणू नकोस. उन्हाळ्यात निसटला असतास. आता जमीन ओली आहे, टिटवी चालली तरी पाय उमटतो. मागावर मलाच पाठवतील, कारण इथे माझ्याइतका माग कुणाला काढता येत नाही. तुझं डावं पाऊल बाहेर पडतं आणि टाच खोल जाते. हजारांत ओळखेन. मी रडत येईन, दादा, पण येईन.

तेव्हा तूच ये.

तुझीच,
एनेलेसी