उजवी बाजू वर

चि. फुसाए हिला क्योटोहून थोरलीचा आशीर्वाद.

मी नीट पोचले. पाय तेवढे सुजलेत. आजारी आईला तुझ्यावर टाकून आले खरी. तू वेळेवर जेवतेस ना?

आईला बरं वाटावं म्हणून देवळात घंटा वाजवली, ताईत घेतला. मग मागच्या शेवाळाच्या बागेत गेले. पुढे एक म्हातारी चालली होती. तिनं किमोनोची उजवी बाजू वर घेतलेली. मी ओरडले, "अहो आजी, असं मढ्याला घालतात! डावी वर घ्या."

ती मेली वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "असू दे गं. फुसाएनं घातलाय."

मी धावले, तर पुढे कुणीच नाही.

मला भास झाला असेल, घाबरू नकोस. आईला फक्त म्हणावं, थोरलीला चार शिव्या घालणारं पत्र लिही, स्वतःच्या हातानं.

वाट बघणारी,
तुझी ताई कियोए