साहेबांना कॅलिड म्हटलं तेव्हा

अण्णा, कॅलिड हा शब्द आता कुणीच वापरत नाही. इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला, पण बोलताना तो कुणाच्या तोंडून ऐकला नाही. कोशात तेवढा पडून आहे. अर्थ दिलाय, धूर्त, लबाड. आपल्या घराचं मात्र त्यानं वाटोळं केलं.

निजामाचं संस्थान विलीन झालं त्यानंतरचे ते दिवस. धाराशिवच्या कचेरीतलं उर्दू दफ्तर गुंडाळलं जात होतं, तुमच्यासारख्या उर्दूवाल्या कारकुनांना घरी पाठवत होते, आणि नोकरीत राहायचं तर नव्या साहेबांना इंग्रजीत अर्ज करा असा हुकूम होता. संध्याकाळी तुम्ही चुलीजवळ बसून जुना इंग्रजी कोश वाचताय, आई भाकरी थापतेय. एकाएकी तुम्ही तिचा पिठाचा हात ओढून घेता आणि तळव्यावरचा घट्टा दाखवता. "हे बघ, ह्याच्यातनं निघालाय शब्द! लॅटिनमधी घट्टा पडणं म्हंजे कामात मुरणं. मुरलेला, जाणता माणूस, तो कॅलिड." आई म्हणते, "भाकर करपायलीय, हात सोडा." खाली लिहिलं होतं की पुढं वापरात अर्थ बिघडला. पण तुम्ही मुळावरच खूश. उर्दू अर्जात शब्द जितका भारी तितका हुजुरांचा मान मोठा, हीच तुमची उभ्या जन्माची सवय. तुम्ही अर्जात साहेबांना कॅलिड म्हटलंत.

पुढचं आई मरेपर्यंत सांगायची. साहेबांनी सगळ्यांसमोर कोश मागवला, अर्थ मोठ्यानं वाचला. तुम्ही म्हणत राहिलात, "न्हाय हुजूर, मूळ तर बघा." साहेब म्हणाले, "मूळ आता घरी बसून बघा." सगळी कचेरी हसली. नंतर जळकोटला मामाच्या आधारानं राहिलो, आणि तिथं तुम्ही हळूहळू बोलणंच सोडलंत. कुठल्याच भाषेत बोलेनात. मी इंग्रजी शिकले ती कधीतरी तुमची बाजू मांडता यावी म्हणून. पण बाजूच नाही हो, अण्णा. सगळे कोश पालथे घातले. साहेबांचा अर्थ बरोबर होता, आणि तुम्ही मनापासून केलेल्या मानाला कुठंच जागा नव्हती. हे कळण्यासाठीच एवढं शिकले की काय, असं वाटतं.

हे पत्र कुठं टाकणार? एक सांगायचं राहिलंय. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. त्या दिवशी तुम्ही भरदुपारीच घरी आलात, आणि आज अण्णा लवकर आले म्हणून मी अंगणभर नाचले होते.