दाराजवळच्या टेबलावरचा आवाज

खडकी, पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

ती. चंद्रभागाताईंना शालनचा सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. गुडघ्याचं तेल संपल्याचं कळलं. येत्या आठवड्यात पाठवते. मी बरी आहे. बरी म्हणजे चालते-फिरते, दोन घास खाते आणि जिना चढताना मध्ये एकदा थांबते. फोन करत नाही म्हणून रागावू नका. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुमचा योगेश स्पीकर लावतो, मग माझ्या पोटाची हकीकत तुमच्या सुनेला, नातवंडांना आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीलाही कळते. त्यापेक्षा कागद बरा.

तुम्ही लिहिलंय, आता पुलगावला कायमचीच ये, मागची खोली रंगवून ठेवली आहे. ताई, मला महिनाभराची मुदत द्या. कालपासून मी कामावर जायला लागले आहे. तिथं जमलं तर राहते. नाही जमलं तर, हे गेल्यापासून तुमच्याशिवाय मला दुसरं दार कुठं आहे?

जमणं अवघड का आहे, ते सांगते. तुम्ही आमची अभ्यासिका पाहिलेली नाही. नवी पेठेत एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. शंभर-सव्वाशे मुलंमुली, नांदेडची, परभणीची, तुमच्या वर्ध्याकडचीही, सकाळी सातपासून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत बसतात. बोलायचं नाही, चपला बाहेर, फोन बंद. मालक पुष्कर. वय चाळीस, बोलणं ऐंशीचं. त्यानं भिंतीवर लावलंय, ‘खोकला असल्यास घरी अभ्यास करावा. घरी अभ्यास होत नसल्यास खोकू नये.’ आणि दाराजवळच्या टेबलावर मी, चौदा वर्षं. हजेरी बघायची, पुस्तकं जागेवर लावायची, कोणी कुजबुजलं की टेबलावर पेन्सिल दोनदा वाजवायची. शाळा माझी सातवीत सुटली. खरं वाचायला शिकले ती त्या टेबलावर, मुलं टाकून जातात ती पुस्तकं वाचत.

आता त्या शांततेत माझं पोट बोलतं.

ऑपरेशनचं योगेशला फोनवर अर्धवटच सांगितलं होतं. जुलैत आतड्याला पीळ पडला. टेबलावरच कोसळले. पुष्करनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, कागदावर सहीही त्यानंच केली. शुद्धीवर आले तर पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचं लाल तोंड बाहेर काढलेलं आणि त्यावर पिशवी चिकटवलेली. मला कोणी विचारलं नव्हतं. विचारायला वेळच नव्हता म्हणे. पुढं आतडं परत जोडता येईल, पण माझी साखर बघता डॉक्टर घाई नको म्हणतात.

पिशवी धुणं, बदलणं, हे हातांना आता येतं. अडचण वाऱ्याची आहे. आपण चारचौघांत वारा धरून ठेवतो, तसं या तोंडाला धरता येत नाही. तो येईल तेव्हा येतो आणि आवाज करत येतो. कधी फुस्स, कधी कोणी खुर्ची ओढल्यासारखा. शिवाय पिशवी फुगते, पदराखाली टम्म पुरी लपवल्यासारखी.

दवाखान्यात शर्मिला सिस्टर आहेत, या पिशव्यांचंच काम बघतात. त्यांनी बजावलं होतं, कांदा, कोबी, पावटा, चवळी सध्या बंद. सोडा नको. बोलत बोलत जेवू नका, वारा गिळला जातो. आवाज येणारसं वाटलं की पिशवीवर हात आडवा धरून दाबा. आणि पिशवी फुगली म्हणून तिला टाचणी लावू नका. “लावणाऱ्या आहेत, काकू. मग दिवसभर वास घेऊन हिंडतात.”

मी टाचणी लावली नाही. मी जास्त शहाणी. म्हटलं, पोटात काही घातलंच नाही तर वाजेल काय? काल अर्धा कप चहा घेऊन निघाले. बसमध्ये काही कळलं नाही, खडकीच्या त्या बसचे सांधे माझ्यापेक्षा मोठ्यानं वाजतात. पण अकराच्या सुमाराला, सगळा हॉल पुस्तकात खाली वाकलेला असताना, पहिला आवाज आला. लांब. मी हात धरेपर्यंत येऊन गेला.

पुढच्या दोन रांगांनी मान वर केली. आणि ताई, मी पेन्सिल वाजवली. दोनदा. जणू दुसऱ्या कोणी गडबड केली होती. चौदा वर्षांत पहिल्यांदा खोटी वाजवली.

पहिल्या रांगेत मुक्ताई म्हणून मुलगी बसते, नांदेडच्या लोह्याकडची. गरीब स्वभावाची. तिनं दचकून पाण्याची बाटली बॅगेत टाकली आणि माझ्याकडं बघून कान धरले. मी मान हलवली. बरं, बरं, असू दे, अशी.

दिवसभरात असं सात-आठ वेळा झालं. संध्याकाळी तक्रारवहीत कोणीतरी लिहिलं होतं. (ही वही माझ्याच टेबलावर असते. मुलं नाव न घालता तक्रार लिहितात, मी वाचायची आणि खाली उत्तर लिहायचं, असा रिवाज आहे.) लिहिलं होतं, ‘पहिल्या रांगेतल्या मुलीकडून सारखे आवाज येतात. लक्ष लागत नाही.’ पुष्करनं वाचलं आणि आज सकाळी मुक्ताईला शेवटच्या रांगेत, संडासाच्या भिंतीपाशी बसवलं. मी खाली ‘व्यवस्था केली आहे’ असं लिहिलं.

थकवा फार येतो. तुमच्या खोलीला कोणता रंग दिलाय, ते लिहा. औषधं वेळेवर घ्या.

आपली

शालन


खडकी, पुणे
९ डिसेंबर २०२४

ती. चंद्रभागाताई, जयभीम.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचा. बालवाडीत इतकी वर्षं मुलांना अक्षरं शिकवलीत, भिंग लावून वाचता येईल. योगेशकडून वाचून घेऊ नका.

सहा तारखेला यंदा दादरला गेले नाही. गर्दीत पोटाला धक्का लागेल म्हणून इथंच विहारात बसले. तुमचं पत्र त्याच दिवशी आलं. ते मी तीन वेळा वाचलं आणि घडी घालून ठेवलं. त्याचं उत्तर द्यायचं आहेच, पण आधी कामाचं लिहिते. त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

उपाशी जाते म्हणून सिस्टरना सांगितलं तर त्या रागावल्या. “काकू, रिकामं आतडं जास्त वाजतं. तुम्ही वाचता ना एवढं? मग हे मला विचारायचं तरी.” आता सकाळी सहाला दहीभात नाहीतर भाकरी दुधात कुस्करून खाते, घास मोजल्यासारखी सावकाश. खाल्लेल्याचा वारा सहा-आठ तासांनी धरतो, म्हणून काय खायचं ते हॉलची वेळ बघून ठरवते. दहाला आणि एकला बाथरूममध्ये जाऊन पिशवीतली हवा सोडून येते. पिशवीवर यांच्या जुन्या सुती बनियनची चौपदरी घडी ठेवते, तिनं आवाज दबतो. सात-आठ वेळा व्हायचा तो दोन-तीन वेळांवर आला. तेवढा राहणार. तो माझ्या हातात नाही.

मुक्ताई मात्र मागंच बसलेली होती. तीन आठवडे. मी रोज तिची हजेरी लावायची आणि खाली बघायची. तिचं तोंड उतरत चाललं होतं. मला वाटलं परीक्षा जवळ आली. मागच्या सोमवारी ती जिन्यात चक्कर येऊन बसली. पाणी दिलं, विचारलं, जेवलीस का? तर म्हणाली, “मावशी, मी डबा बंद केलाय. मला वाटायलं माझंच पोट वाजायलंय. मला कळंना, पण समद्यांना ऐकू जायलंय. म्हणून जेवायचंच सोडलं.”

मी तिला तिथंच पायरीवर बसवून माझ्या डब्यातला भात खाऊ घातला. पण तोंड उघडून सांगितलं नाही. जिन्यातून मुलं ये-जा करत होती, हे कारण. कारणं मला लगेच सापडतात.

वर येऊन तक्रारवही काढली. ती जुनी तक्रार शोधली. ‘व्यवस्था केली आहे’ खोडलं आणि खाली लिहिलं, ‘आवाज पहिल्या रांगेतून येत नव्हता. तो माझा आहे. ऑपरेशननंतर माझ्या पोटावर पिशवी आहे, तिच्यातून वारा जाताना आवाज होतो. कमी करते आहे, बंद करता येत नाही. मुक्ताईचा काही दोष नाही. तिच्यावर ढकललं ते मी. शालन नगराळे.’ वही नेहमीच्या जागी, उघडी ठेवली. लिहून झाल्यावर इतकी दमले होते की लाज वाटायलाही ताकद उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुष्करनं खाली लाल शाईनं लिहिलेलं होतं, ‘आवाज चालेल. ज्यांना चालत नाही त्यांनी शेवटच्या रांगेत बसावं, तिथं आता एक जागा रिकामी आहे.’ मला तोंडानं एवढंच म्हणाला, “शालनताई, चौदा वर्षं तुम्ही सगळ्यांना गप्प केलंत. आता थोडं त्यांनाही ऐकू द्या.” त्याच्या खाली आणखी कोणीतरी मुलानं लिहिलंय, ‘सॉरी मावशी. मला फोन व्हायब्रेट होतोय असं वाटायचं.’ मुक्ताई पहिल्या रांगेत परत आली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आली आणि मला दाखवून उघडला, बोलली तरी नाहीच.

म्हणजे कामाचं जमलं, ताई. आता तुमच्या पत्राचं.

तुम्ही लिहिलंय, ‘सुखदेव पहिल्यापासून हट्टीच होता. तू त किती समजावलं असशीन त्याले, पन तो आयकनारा होता का? पिशवी लावून घेतली असती त आज असता. तू हिंमत केली, त्यानं नाही केली.’

ताई, त्यांनी हिंमत केली होती.

कॅन्सर आहे, काढून टाकू, पण पोटावर कायमची पिशवी राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्ही दोघं समोर बसलो होतो. यांनी विचारलं, “मला कामावर जाता येईल का?” डॉक्टर म्हणाले, येईल. यांनी विचारलं, “जेवता येईल?” येईल. मग यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “मग करून टाकू. तू काय म्हणतेस?”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हटलं. मी म्हटलं, “पोटाला घाण बांधून घरात हिंडणार? मला नाही ते जमायचं. आपल्या क्वार्टरमधले लोक काय म्हणतील? दुसरं काहीतरी बघू.” जसं म्हटलं तसंच लिहिते आहे. त्यात मी काही गाळलं नाही.

ते म्हणाले, “बरं.” एवढंच. दुसरं काहीतरी म्हणजे झाडपाल्याचं औषध, आठ महिने. ते औषध शोधून आणणारीही मीच. आठ महिन्यांनी परत गेलो तेव्हा डॉक्टरांनी फाईल मिटली.

तुम्हाला फोन यांनीच केला होता, आठवत असेल. तुम्ही ओरडत होता, काऊन नाही करत ऑपरेशन? आणि हे म्हणाले, “ताई, मलेच नको वाटते तसलं जगणं.” मी शेजारी भाजी निवडत होते. ऐकत होते. माझ्याकडं न बघता त्यांनी ते आपल्या अंगावर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. ते गेल्यावर तुम्ही मला पोटाशी धरून रडलात, तेव्हाही. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, माझ्या वहिनीनं जिवाचं रान केलं, तेव्हाही मी मान खाली घालून बसले होते. चार वर्षं झाली.

ऑपरेशन करूनही खात्री नव्हती, असं डॉक्टर म्हणाले होते. ते खरं आहे. पण त्या वाक्यावर मी चार वर्षं काढली, आता ते पुरत नाही. कारण आता ती पिशवी माझ्याच पोटावर आहे. रोज सकाळी मोरीत बसून धुते. बदलायची असली तर बदलते, हात पुसते, चहा टाकते. दहा मिनिटांचं काम आहे, ताई.

मला कोणी विचारलं नाही म्हणून मी जिवंत आहे. त्यांना विचारलं, आणि त्यांनी मला विचारलं.

तुम्ही त्यांना हट्टी म्हणू नका. ते हट्टी नव्हते. तुम्ही आई गेल्यावर ज्या भावाला वाढवलंत, तो शेवटपर्यंत तसाच होता, दुसऱ्याचं ऐकणारा. एवढं तुम्हाला कळायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारी मी एकटीच उरले होते.

खोलीला फिकट निळा रंग दिल्याचं कळलं. मी आता नाइलाज म्हणून येणार नाही. माझं इथं चालेल. हे वाचल्यावरही बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत तर का, ते मला विचारावं लागणार नाही. घाई करू नका. फोनही करू नका, हे स्पीकरवर बोलण्यासारखं नाही.

गुडघ्याचं तेल वेगळ्या पार्सलनं पाठवलं आहे. ते मात्र वापरा, रागात ठेवून देऊ नका.

इथं सहीच्या वर ‘आपली’ असं लिहायची पद्धत आहे. ती जागा मी मोकळी सोडते आहे.

 

शालन सुखदेव नगराळे