बुवांचा थांबा आणि केंद्रावरचा डबा

१० नोव्हें., सोम.
आज रेडिओ केंद्रावर डबा आला. केंद्र चालवणाऱ्या म्याडम वर्ध्याहून येताना तो मांडीवर घेऊन आल्या, लहान लेकरू आणावं तसा. त्याचं खरं नाव प्रोसेसर, पण मी डबाच म्हणणार. काम एवढंच: हळू आवाज वर उचलायचा, मोठा खाली दाबायचा, म्हणजे ट्रॅक्टरवर बसलेल्यालाही सगळं सारखं ऐकू येतं. सेलूच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, आता केंद्राची यंत्रं सांभाळतो, पण हा प्रकार मलाही नवा.
एक जुनं गाणं लावून पाहिलं. त्यात सुरुवातीची बासरी लांबून येते, नदीपलीकडून आल्यासारखी. डब्यातून ती थेट मांडीवर येऊन बसली. पुढे सगळी वाद्यं एकदम येतात, तिथे माझ्या अंगावर काटा यायचा. आज काहीच आलं नाही, कारण बासरीच आधीपासून तेवढी मोठी. म्याडमना म्हटलं, यात लांबचं असं काही उरलंच नाही. म्हणाल्या, "काका, पण क्लिअर आहे ना?"
क्लिअर आहे. घरी येऊन रागाने एक भाकरी जास्त खाल्ली.

११ नोव्हें., मंगळ.
हिंगणीचं खंजिरी भजन मंडळ रेकॉर्डिंगला आलं. मंडळाचे दौलतबुवा म्हणजे आमच्या विमलचे थोरले भाऊ. पंच्याहत्तरी ओलांडली, पण सगळी भजनं तोंडपाठ. वही समोर ठेवून गाणाऱ्याला ते भजनी म्हणत नाहीत, कारकून म्हणतात. तेही त्याच्या तोंडावर. या एका शब्दापायी तालुक्यातली निम्मी मंडळं त्यांच्यावर रुसलेली आहेत.
मी बहिणीचा नवरा, म्हणून मान. आल्या आल्या हात जोडले, मग वर पाहून म्हणाले, "जवाईबुवा, तुमचा पंखा सुरात नाई. बंद करा." केला. सगळे घामाघूम.
बुवांचा 'थांबा' दोनेक वर्षांत फार गाजला आहे. कडव्याआधी डोळे मिटतात, खंजिरी छातीशी धरतात, लोक श्वास रोखून बसतात आणि मग ओळ येते. काय ती समाधी, म्हणतात. आज थांब्याच्या वेळी हेडफोनमध्ये थोडी सळसळ येत होती. पंखा तर बंद. बुवांच्या मागे नेहमीप्रमाणे गुलाबराव शिंपी मान खाली घालून बसलेले, बाकीचे तिघे त्यांच्या पलीकडे. उंदीर असेल म्हणून सोडून दिलं.

१३ नोव्हें., गुरु.
स. ७. बुवांचं भजन लागलं. मी आणि विमल स्वयंपाकघरात, रेडिओ पिठाच्या डब्यावर.
आधी खंजिरीची भानगड. थाप पडली की बुवांचा आवाज खाली जाई, थाप विरली की वर येई. थाप मोठी दिसली की डबा सगळ्यालाच दाबतो, त्यात बुवाही आले. म्हणजे बुवा स्वतःच्याच हाताने स्वतःचा गळा दाबत होते. हेही चाललं असतं.
मग थांबा आला. डब्याला वाटलं, फारच शांत झालं, उचला. आणि त्या शांततेतून एक माणूस स्वच्छ आवाजात म्हणाला, "मन माझं दारी उभं." त्यानंतर बुवा गायले, "मन माझं दारी उभं."
विमलची पोळी तव्यावर करपली.
दुसरा थांबा. तोच माणूस: "कोणी आत घेईना." मग बुवा: "कोणी आत घेईना." सहा कडवी होती. सहाही वेळा.
उंदीर नव्हता. गुलाबराव होते.
नऊपर्यंत केंद्रावर फोनच फोन. लोक खूश! बोर धरणाकडची एक बाई: "दादा, ते आधी सांगते ना, ते बुवा लय चांगले. आमाले संगसंग म्हणता येते. गाणारे बुवाबी बरे हायेत." म्याडमनी लगेच ठरवलं, अशी मालिकाच करू, दर गुरुवारी.
बुवांचा फोन नाही. विमल दिवसभर माझ्याशी तुटक बोलली. जसा काही डबा मीच बनवला.

१४ नोव्हें., शुक्र.
बुवा पहिल्या बसने हजर. चहा नको म्हणाले. म्हणजे प्रकरण गंभीर.
"तुमी जवाई हा म्हणून हात जोडून बोलून राह्यलो. तुमच्या डब्ब्यात हा दुसरा माणूस कोणी घुसवला?"
म्हटलं, माणूस तुमच्याच मंडळातला आहे.
"मंग आमाले काऊन ऐकू नाई आला?"
ऐकू आला नसता तर पुढची ओळ कशी आली असती, हे अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. विमल दारातच उभी होती.
मग खरं दुखणं बाहेर आलं. काल हिंगणीच्या स्टँडवर त्यांना एक वहीवाला भजनी भेटला, त्यांनी ज्याला भर सभेत कारकून म्हटलं होतं तोच. तो हसून म्हणाला, "बुवा, आमची वही बोलत तं नाई."
बुवांनी हे सांगितलं आणि मला हसू आलं. खोकल्यात लपवलं. विमलला कळलंच.
जाताना म्हणाले, "जसं गायलो तसं लावा. नाईतं खंजिरी खुंटीले टांगली समजा."
टांगतील. हट्टी माणूस. आणि खंजिरी टांगली तर हा माणूस दिवसभर करणार काय, हे विमलला माझ्याआधी कळलं. बुवा गेल्यावर ती बराच वेळ ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छच होता.

१५ नोव्हें., शनि.
डब्यात न गेलेलं मूळ रेकॉर्डिंग घरी आणलं, दोघांनी ऐकलं. कसलं गोड! थांबा म्हणजे खरोखर थांबा. गुलाबराव त्यात मुंगीएवढे, कान देऊन ऐकलं तरच. विमलने तीनदा ऐकलं. मग म्हणाली, "भाऊबीजेला दादा जेवून उठला आणि पुन्हा पाटावर येऊन बसला. ओवाळ म्हणाला. मले वाटलं, गंमत करून राह्यला. मी हसत हसत पुन्हा ओवाळलं."
वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

२० नोव्हें., गुरु.
म्याडम नागपूरला. तेच भजन पुन्हा लावायचं होतं. मी डब्याला वगळून आवाज सरळ सोडणारं बायपासचं बटण दाबलं. न विचारता. बुवांना आदल्या दिवशीच कळवलं होतं, उद्या ऐका, जसं गायलात तसं.
केंद्रावर बसून मी ऐकलं, डोळे भरून आले. असं वाजायला पाहिजे म्हणतात ते हेच.
साडेसातपासून फोन. "केंद्र बंद हाये काय?" "खंजिरी तेवढी वाजून राह्यली." एकाने विचारलं, "आधी सांगणाऱ्या बुवाले काढून टाकलं का? काऊन? चांगला होता बिचारा."
बुवांनी मुद्दाम पाचसहा जणांना पिठाच्या चक्कीवर जमवलं होतं. हळू सुरुवात चक्कीत गेली. थांबा आला तेव्हा नुसतीच चक्की. चक्कीवाल्याने रेडिओला दोन चापट्या मारल्या. लोक आपापलं पीठ घेऊन गेले. बुवा एकटे शेवटपर्यंत बसले होते म्हणे.
डबा लावला तर सगळ्यांना ऐकू येतं, पण बुवांची अब्रू जाते. काढला तर बुवा बुवाच राहतात, पण कोणालाच ऐकू येत नाहीत. मी रेडिओवाला माणूस, मला यावर तोड सापडू नये?

२१ नोव्हें., शुक्र.
स. म्याडमचा फोन. चांगली खरडपट्टी. डब्याला हात लावायचा असेल तर आधी मला विचारा, काका. बरं म्हटलं.
दु. बुवा केंद्रावर. आज चहा घेतला, दोनदा. म्हणाले, ऐकवा मले दोन्ही. हेडफोन चढवले, फेट्यावरून बसेनात, फेटा काढला. मी त्यांना फेट्याशिवाय प्रथमच पाहिलं. लहानसे दिसले.
आधी मूळ. "हा मी."
मग डब्यातलं. बराच वेळ ऐकलं. "हाबी मीच. अन् हा गुलाब. पाहा, केवढं नीट बोलते." हेडफोन तसेच कानावर, त्यामुळे जोरात बोलत होते, बाहेरच्या खोलीपर्यंत. "खरं सांगू जवाईबुवा? मले वाटे का ओळ मलेच आठवते."
पंखा चालू करू का, विचारलं.
उठताना म्हणाले, "एक डाव अजून रेकॉर्डिंग करू. पण डब्बा लावाचा का नाई, ते मी सांगन. मले इचारल्याबिगर हात लावू नोका."
म्हणजे म्याडमनाही विचारायचं आणि बुवांनाही. डब्याचा मालक नक्की कोण?

२५ नोव्हें., मंगळ.
रेकॉर्डिंग. पंखा बंद. बुवा म्हणाले, "माइक चालू ठेवा, मले आधी बोलाचं हाये. अन् कापाकापी काई करू नोका."
तेव्हा बोलले ते असं: "रामराम मंडळी. वहीवाल्याईले मी जन्मभर कारकून म्हटलं. आता मले सगळे शब्द राह्यत नाई. मागून सांगणारा माणूस हाये. दोन वर्सांपासून सांगते, कधी मिरवला नाई. त्याचं नाव…"
थांबा आला.
खंजिरी छातीशी, डोळे मिटलेले. माझ्या हेडफोनमध्ये सळसळ झाली. अगदी हळू, लाजत, "गुलाबराव."
बुवांनी डोळे उघडले. "हो. गुलाबराव शिंपी," असं दणक्यात म्हणाले आणि खंजिरीवर थाप.
भजन उत्तम झालं. मी काचेआड खाली वाकून वायर शोधल्यासारखं केलं, चेहरा कोणी पाहू नये म्हणून. वायर सगळ्या जागच्या जागी होत्या.

२६ नोव्हें., बुध.
उद्या सातला लागणार. डबा लावला तर गुलाबराव स्वतःचं नाव स्वतःच सांगताना सगळा तालुका ऐकेल, हसेल. नाही लावला तर नुसता थांबा, लोकांना वाटेल काय समाधी लागली, आणि चक्कीवर पुन्हा काहीच ऐकू येणार नाही. म्याडम म्हणाल्या, यावेळी काका, तुमच्या घरचं माणूस आहे, तुम्ही ठरवा. विमलला ऐकवलं. पदराने नाक पुसून म्हणाली, "दादालेच इचारा. त्यानं सांगितलं हाये ना."
संध्याकाळी पाचला बुवांना फोन. एकटेच होते घरी. आधी कपाशीचं, मग गुडघ्याचं झालं. मग विचारलं, बुवा, तुम्हीच सांगा, उद्या डबा लावू की नको?
पलीकडे शांत. थांबा मोठा होता. मीही थांबलो. मागून कोणी सांगेल अशी उगाच वाट पाहिली.
मग बुवा म्हणाले, "जवाईबुवा, काय इचारलं तुमी?"
म्हटलं, काही नाही बुवा. उद्या सातला रेडिओ लावा. गुलाबरावांना सोबत बोलवा.